सातव्या कोठीवरचा खडू

आयलर्ट हार्म्स बहिरा असता तर बरं झालं असतं, असं आमच्या बंदरात पुढे पुष्कळ जण म्हणाले. लोकांचं काय जातंय बोलायला! युद्धाआधी हेच लोक त्याच्या कानाचं कौतुक करताना थकत नव्हते. पत्र्यावर हातोडी मारायची, कान द्यायचा आणि आत काय आहे ते सांगायचं, हे काम गोदीत पन्नास जण करत. पण आयलर्टने सांगितलं की विषय संपला. रिव्हेट सैल आहे म्हणाला की ते सैलच निघायचं. मुकादम फोको तर नव्या पोरांना दम द्यायचा, "नीट ठोका रे, नाहीतर हार्म्सला बोलावीन."

त्याच गोदीत एक मोठं लढाऊ जहाज तयार झालं, आणि त्याच्या पोटातल्या निम्म्या भिंती आयलर्टने बांधल्या होत्या. जहाजाला कागदोपत्री नाव होतं कुठल्याशा मेलेल्या सेनापतीचं, पण ते नाव फक्त अधिकारी घेत. भट्टीवाले तिला जाडी म्हणायचे. जाडी पाण्यात उतरली, जर्मन आरमाराने ताब्यात घेतली, आणि तिच्यामागे आयलर्टही आरमारात गेला. गळती रोखणाऱ्या टोळीचा मेस्त्री म्हणून. ज्याने भिंती ठोकल्या त्यानेच त्या राखाव्या, यात वावगं काय होतं?

आमच्या विल्हेल्म्सहाफेनला गोदीमागच्या चाळीत त्याचं बिऱ्हाड होतं. बायको गेशे, आणि गेशेचा भाऊ त्यार्क. आई गेली तेव्हा त्यार्क सात वर्षांचा आणि गेशे एकोणीसची. तिने त्याला लहानाचा मोठा केला, लग्नातही सोबत आणला, आणि स्वतःला मूल झालं नाही तेव्हा त्याचं दुःखही फारसं केलं नाही, कारण घरात एक होतंच. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली होती ती त्याची. जेवण तयार झालं की गेशे हाका मारत बसायची नाही. पळीने भिंतीवर ठोकायची, दोनदा. नाही आला तर थांबून पुन्हा दोनदा. आणि हा पठ्ठ्या पहिल्या खेपेला कधी उठायचा नाही.

"बहिरा आहेस का रे?" ती ओरडायची.

"नाही गं ताई, बहिरे लोक बरे. त्यांना सुखाने झोपू देतात."

युद्ध सुरू झालं तेव्हा त्यार्क वीस वर्षांचा होता. त्याचा भरतीचा कागद आला त्या दिवशी गेशेने जेवणाला हात लावला नाही. पाणबुडीवर धाडतात की फ्लँडर्सच्या चिखलात, या धास्तीने तिचा जीव अर्धा झाला. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या जहाजावर घे त्याला. तूच म्हणतोस ना, ती बुडत नाही म्हणून."

"बुडत नाहीच," आयलर्ट म्हणाला. आणि मग त्याचं आवडीचं कीर्तन सुरू झालं. चहाची कपबशी बाजूला सारून त्याने गेशेच्या छोट्या छोट्या खणांच्या कपाटाकडे बोट केलं. "इंग्रजांची असली जहाजं म्हणजे तोफा मोठ्या, पळायला चपळ, पण अंगावर कपडा पातळ. आपण तोफ जरा लहान घेतली आणि चिलखत जाड केलं. पण खरी अक्कल पोटात आहे. हे कपाट बघ. एका खणात पाणी ओतलं तर दुसऱ्यातली साखर भिजते का? तसंच. खालच्या भिंतींना दारंच नाहीत, आणि जिथे नाइलाजाने दार ठेवलंय तिथे ते माझ्या टोळीच्या हातात. बाजूला काही घुसलं तर आधी चिलखत, मग कोळशाच्या कोठ्या, मग आणखी एक पोलादी भिंत, आणि मग माणसं. कोळसाही चिलखताचं काम करतो, कळलं?"

त्यार्क खडीसाखरेचा दुसरा खडा चहात टाकत होता. तो हसला. "मग माणसं, म्हणता दाजी. कोळशाच्या कोठीत जो फावडं मारतो तो कोण, उंदीर?"

"वाह्यात बोलू नकोस!" गेशेने त्याच्या डोक्यात पळी मारली. तिघंही हसले. आयलर्टने दोन ठिकाणी शब्द टाकला आणि त्यार्क जाडीवर आला, कोळसेवाला म्हणून. कोठीतला कोळसा टोपलीत भरायचा आणि भट्टीवाल्यांच्या पुढ्यात आणून ओतायचा. डाव्या बाजूची सातवी कोठी त्याच्या वाट्याला आली. तिची आतली भिंत आयलर्टच्या हातची होती.

आता गळतीच्या कामातला एक कायदा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जहाजाला भोक पडलं की मेस्त्री हातोडी घेऊन भिंतीमागून भिंत ठोकत जातो. टणकन वाजली तर पलीकडे हवा. बद्द वाजली तर पलीकडे पाणी. जे ऐकू येईल ते तो दारावर खडूने लिहितो, 'कोरडं' किंवा 'भरलं', खाली वेळ आणि सही. आणि एकदा 'भरलं' लिहिलं की ते दार गोदीत पोचेपर्यंत कोणी उघडायचं नाही. मग आत कोणीही असो आणि बाहेरून कोणीही रडो. कारण आमच्याकडे जो तो जाणतो, एका माणसाला दया आली की हजार माणसं बुडतात. त्या खडूवर भांडण नाही, अपील नाही.

एकतीस मे एकोणीसशे सोळा. स्कागेराकच्या समुद्रात आमचं आणि इंग्रजांचं आरमार भिडलं त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ते वरून पाहिलं त्यांनी खुशाल करावं. जाडीच्या पोटात फक्त धक्के कळत होते आणि भट्ट्या ओरडत होत्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला डावीकडे टॉर्पेडो लागला. अख्खं जहाज उचलून आपटल्यासारखं झालं आणि डावीकडे कललं. दिवे गेले, आले, पुन्हा गेले.

आयलर्ट कंदील घेऊन तीन नंबरच्या भट्टीघरात उतरला. सातव्या कोठीचं दार त्या भट्टीघरात उघडायचं. लढाई सुरू झाल्यापासून ते नियमाप्रमाणे बाहेरून बंद असायचं, टोपल्या काढण्यापुरतंच उघडायचं, आणि आत त्यार्क, ओटो नावाचा एक आणि बव्हेरियाचा एक असे तिघं होते. आयलर्टने बोलायच्या नळीत हाक मारली. नळी फुटलेली होती, उत्तर कुठून येणार? त्याने हातोडी घेतली. गुडघ्याशी ठोकलं. बद्द. छातीशी ठोकलं. बद्द. हात उंच करून डोक्याच्याही वर ठोकलं. बद्द.

भट्टीवाले फावडी थांबवून त्याच्याकडे बघत होते. त्यांच्यातच कुडेल होता, हाम्बुर्गचा, जिभेला हाड नसलेला माणूस. त्यार्क कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. दार उघडावं तर पाणी भट्टीघरात. भट्टीघर गेलं की वाफ गेली, वाफ गेली की पंप गेले, आणि मग अकराशे माणसांचं काय ते देवालाच ठाऊक. आयलर्टने खिशातून खडू काढला आणि दारावर लिहिलं: भरलं. ७.४०. आ. हा.

"कामाला लागा," तो म्हणाला. अक्षर जरासुद्धा हललं नव्हतं. त्या वेळी त्याला त्याचा अभिमान वाटला, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाडी नाक पाण्यात खुपसून घराकडे सरपटत होती. आयलर्टला झोपून तीस तास उलटले होते. तो पुढच्या भागात लाकडी टेकू मारत होता तेव्हा कुडेल आला.

"मेस्त्री, सातव्या कोठीतून ठकठक येतेय."

"सैल पत्रा असेल. आत पाणी हिंदकळतंय, त्याने वाजतो."

"दोन वर्षं भट्टीवर काढलीत मी. पत्रा कधी मोजून ठोकत नाही. हे दोनदा येतं, थांबतं, मग पुन्हा दोनदा येतं."

आयलर्टच्या हातातला टेकू तसाच राहिला. मग त्याने तो जागेवर बसवला आणि वर न बघताच विचारलं, "दारावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुला?"

"येतं."

"मग जा."

कुडेल गेला. खाली जाऊन आणखी एकदा ठोकून बघायला पाच मिनिटं लागली असती. आयलर्ट गेला नाही. चौथ्या प्रहरी ती ठकठक बंद झाली असं कुडेल पुढे म्हणाला, पण तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं.

जाडी घरी आली. बंदरावर बँड वाजला. एवढं पाणी पोटात घेऊन परतलेलं जहाज कोणी पाहिलं नव्हतं, तिच्या रचनेचे गोडवे वर्तमानपत्रांत आले. दहा-बारा दिवसांनी गोदीत पाणी उपसून झालं आणि मुकादम फोकोच्या माणसांनी सातव्या कोठीचं दार उघडायला घेतलं. दार उघडेना. वरचा पत्रा कापावा लागला. फोकोने कंदील आत धरला आणि आयलर्टला म्हणाला, "तू नको बघूस."

आयलर्टने बघितलं. टॉर्पेडोच्या धक्क्याने कोठीतला सगळा कोळसा आतल्या भिंतीवर कोसळला होता, दारासकट, पार वरपर्यंत. पाणी आलं होतं ते बाहेरच्या कोपऱ्यात, गुडघाभर. त्याची रेघ स्पष्ट दिसत होती. तिघं कोळशाच्या ढिगावर होते. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, हवा संपली होती एवढंच. एका फावड्याचं टोक ठोकून ठोकून मुडपलं होतं. टोपल्या मोजायला कोळसेवाल्यांकडे खडू असतो. त्या खडूने भिंतीवर उभ्या रेघा मारल्या होत्या. जहाजावर चार तासांनी पाळी बदलते तेव्हा घंटा होते, ती आतही ऐकू जाते. रेघा पाच होत्या.

पाच पाळ्या म्हणजे वीस तास. आयलर्टने बद्द ऐकलं होतं ते पाणी नव्हतंच. कोळसा होता.

फोकोने कंदील खाली ठेवला आणि म्हणाला, "माझी माणसं तोंड उघडणार नाहीत." आठवड्याभरात कोठी धुऊन, पांढरा रंग देऊन तयार झाली, आणि नवीन कोळसेवाले आले.

घरी आयलर्टने गेशेला सांगितलं, "क्षणात गेला. पाणी एकदम आलं. त्याला कळलंही नसेल." आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली तेव्हा तो आणखी म्हणाला, "त्याच्या कोठीने पाणी अडवलं म्हणून बाकीचे अकराशे जिवंत आले."

ते 'अकराशे' गेशेने पदरात बांधून ठेवलं. बिचारी! शेजारणीला सांगायची, दुकानाच्या रांगेत सांगायची, सलगमाच्या हिवाळ्यात बटाटे संपून माणसं जनावरांचा सलगम खात होती तेव्हा ते पाणचट सूप ढवळतानाही सांगायची. "माझ्या त्यार्कमुळे अकराशे जण घरी आले." आयलर्ट समोर बसून सूप प्यायचा. त्याने हातोडी दुसऱ्याला देऊन टाकली होती. कान बिघडला म्हणून सांगितलं आणि सामानाच्या कोठारावर बदली मागून घेतली.

स्वतःशी मात्र त्याचा एक हिशोब चालू असायचा. चूक झाली, मान्य. पण चुकणार नाही असा माणूस होता का कोणी? कोळसा आणि पाणी, पत्र्याआडून दोन्ही बद्दच वाजणार. दुसऱ्यांदा ठोकलं असतं तरी बद्दच वाजलं असतं. प्रत्यक्ष देव हातोडी घेऊन उतरला असता तरी फसला असता. या एका वाक्यावर तो माणूस तीन वर्षं जगला. अरे, मग एकदा तपासून का नाही बघितलंस? जहाजावर पाण्याच्या टाक्या होत्या, कोळशाच्या कोठ्या होत्या, हातोड्या तर पोत्याने होत्या. दोन ठोके मारायचे, खरं-खोटं झालं असतं. पण नेमकं तेच त्याला नको होतं.

युद्ध हरलो. बंड झालं, लाल झेंडे लागले, अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या उतरल्या, आणि नोव्हेंबरात अख्खं आरमार इंग्रजांच्या पहाऱ्यात त्यांच्याच स्कापाच्या उपसागरात नेऊन उभं केलं. लढून नाही, बुडून नाही, दावणीला बांधलेल्या गुरांसारखं. चारही बाजूंना उघडीबोडकी बेटं, आणि किनाऱ्यावर पाय ठेवायची मनाई. तोफा उडू नयेत म्हणून त्यांची कुलपं काढून घेतलेली, जाडीवर गंज चढलेला, भट्ट्या थंड. अकराशेंतले जेमतेम दोनशे उरले. त्यांत कुडेल होता. आणि गळतीच्या कामाचं जाणणारा दुसरा कोणी उरला नाही म्हणून आयलर्ट पुन्हा मेस्त्री झाला. सात महिने माणसं गळ टाकून मासे धरत होती, उंदरांच्या शर्यती लावत होती, आणि एकमेकांचे चेहरे बघून विटली होती.

जूनच्या सुरुवातीला घरून रसद घेऊन बोट आली. तिच्यात गेशेचं पत्र होतं.

"फोको तापाने गेला," तिने लिहिलं होतं. "जाण्याआधी त्याने बायकोला काहीतरी सांगितलं आणि तिने मला सांगितलं. ती म्हणते, त्यार्क पाण्यात गेला नाही. ती म्हणते, रेघा होत्या. खरं काय ते तू सांग, दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही. आणि आयलर्ट, मला एवढंच हवंय. ते तुला कळण्यासारखं होतं की नव्हतं? नव्हतं म्हणालास तर मी विश्वास ठेवीन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. मला कुठेतरी टेकायला जागा दे."

दोन आठवडे आयलर्ट त्या पत्राला उत्तर लिहीत होता. फाडत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी त्याने सगळं लिहिलं. तीन ठोके, खडू, कुडेलने सांगितलेली ठकठक, आपण गेलो नाही ते, पाच रेघा. काही लपवलं नाही. आणि शेवटी लिहिलं: "कोळसा आणि पाणी पत्र्याआडून सारखंच वाजतं. कोणालाच कळलं नसतं." घडी घालून, लिफाफ्यात भरून त्याने ते आतल्या खिशात ठेवलं. पुढच्या बोटीने पाठवायचं होतं. त्या दिवशी तो पोटभर जेवला, कुडेलच्या एका पाचकळ विनोदाला हसलासुद्धा. तीन वर्षांत त्याला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

एकवीस जूनला सकाळी ऊन पडलं होतं. इंग्रजांची मोठी जहाजं सरावाला बाहेर गेली होती. दहा-साडेदहाला आमच्या प्रमुख जहाजावर खुणेचे झेंडे चढले आणि हुकूम जाडीवर पोचला: जहाज बुडवा. इंग्रजांच्या हाती पडू द्यायचं नाही.

ज्याने राखलं त्यानेच बुडवायचं! आयलर्टने जुनी यादी काढली. कुठली कोठी आधी कोरडी ठेवायची याचा क्रम त्याच्यात होता, तोच आता उलटा वाचायचा. तो आणि कुडेल खाली उतरले. एकेक दार उघडून अडकवत गेले, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळांची चाकं पूर्ण फिरवली आणि कोणाला पुन्हा बंद करता येऊ नयेत म्हणून काढून घेतली.

"मेस्त्री, सतरा वर्षांचा असताना मी आईचं दुधाचं भांडं सांडलं, तिने तीन दिवस जेवायला दिलं नाही," कुडेल म्हणाला. "आज अख्खं जहाज सांडतोय, आणि वर शाबासकी मिळणार."

"बडबड कमी कर. चाक फिरव."

तीन नंबरच्या भट्टीघरात ते शेवटी आले. सातव्या कोठीचं दार बंद होतं. तिच्या तळाशी शेवटचा थोडा कोळसा उरला होता, आतल्या भिंतीला टेकून मांडीएवढ्या उंचीचा. बाहेरच्या बाजूचा नळ उघडलेला होता, तेव्हा आत पाणी चढत असणार हे उघड होतं. दार उघडण्याआधी आत किती पाणी आहे ते कळायला हवं, नाहीतर लोंढ्याने दोघंही वाहून जातील. कुडेलने भिंतीवर टांगलेली हातोडी काढली आणि आयलर्टपुढे धरली.

आयलर्टने ती घेतली. तीन वर्षांनी घेतली. वाकून गुडघ्याशी ठोकलं.

ठप्प.

मेलेला आवाज. लगेच विझला, हाताला काहीच कळलं नाही. कोळसा. मग त्याने छातीशी ठोकलं.

दुम्म.

हाही बद्दच. पण हा विझला नाही. पत्र्यातून मनगटात आला, कोपरापर्यंत थरथरत गेला आणि सावकाश उतरला. पाणी.

आयलर्टने पुन्हा खाली ठोकलं. ठप्प. वर ठोकलं. दुम्म. पुन्हा खाली. पुन्हा वर. आंधळ्याला कळेल, पोराला कळेल, गोदीत काल लागलेल्या उमेदवाराला कळेल इतका फरक होता. आणि त्या संध्याकाळी गुडघ्याशी, छातीशी, डोक्यावर, तिन्ही जागी काय वाजलं होतं ते त्याच्या मनगटाला आत्ता, या क्षणी, लख्ख आठवलं. ठप्प. ठप्प. ठप्प.

घाई होती म्हणून तिथे चुकला, असं एक वेळ म्हणता आलं असतं. दिवे नव्हते, भट्ट्या ओरडत होत्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी? पाच मिनिटं होती. एकच ठोका पुरला असता.

त्याने कुडेलकडे पाहिलं. कुडेलने मान खाली घातली. दोन्ही आवाज त्यानेही ऐकले होते.

"मेस्त्री, चला आता," तो हळूच म्हणाला. "छातीपर्यंत आहे, दार उघडायला नको. आपोआप भरेल."

वर आल्यावर त्यांनी चाकं समुद्रात फेकली आणि नावेत उतरले. लोक ओरडत होते, कुठे इंग्रज पहारेकरी गोळ्या झाडत होते, आणि चहूकडे एकामागून एक जहाजं कलत होती. दुपारी जाडी डावीकडे वळली, जिथे टॉर्पेडो लागला होता त्याच बाजूला. तिचं तांबडं पोट उताणं झालं, बराच वेळ आतून हवा सुटत राहिली, आणि ती खाली गेली. नावेतल्या काहींनी जयजयकार केला. एक म्हातारा तोफवाला हुंदके देऊन रडला. आयलर्ट खिशावर हात ठेवून बसला होता.

त्यांना कैदी म्हणून छावणीत नेलं. पहिल्याच आठवड्यात टपाल गोळा करायला इंग्रज कारकून आला. आयलर्टने लिफाफा उघडून पत्र बाहेर काढलं. पाणी लागून कडा फुगल्या होत्या, पण अक्षर शाबूत होतं. कुडेल शेजारी बसला होता. आपला मेस्त्री काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं.

"राहू द्या ना," तो म्हणाला. "मी मरेपर्यंत बोलणार नाही. आईची शपथ. आता तर ती भिंतही समुद्राच्या तळाशी गेली. त्या बाईला टेकायला जागा हवीय, द्या ना! कोणाचं काय बिघडतंय?"

"फोकोही असंच म्हणाला होता," आयलर्ट म्हणाला.

त्याने पेन्सिलीने शेवटच्या दोन ओळी खोडल्या, नीट, वाचता येणार नाहीत इतक्या. खाली लिहिलं: "सारखं वाजत नाही. मला कळण्यासारखं होतं." तारीख घातली, सही केली, आणि पत्र कारकुनाला दिलं.

उत्तर आलं नाही. जुलैत नाही, नाताळातही नाही. जानेवारीच्या शेवटी कैद्यांना सोडलं तेव्हा विल्हेल्म्सहाफेनच्या फलाटावर बायका-पोरांची गर्दी होती. गेशे नव्हती. तो चालत घरी गेला. तिने दार उघडलं, बाजूला झाली, आणि "ये" म्हणाली. केस पार पांढरे झाले होते. पत्र कपाटावर ठेवलेलं होतं, उघडलेलं.

"गेशे," तो म्हणाला.

"बूट काढ. फरशी पुसलीय."

एवढंच. तिने आरडाओरडा केला असता, पळी फेकून मारली असती तर तो तिच्या पाया पडला असता. तिने काहीच केलं नाही. त्याचं अंथरूण तिने त्यार्कच्या खोलीत घातलं होतं. शेजारणींना ती आता 'अकराशे' सांगत नाही, दुसरंही काही सांगत नाही. गोदीत काम नाही, लढाऊ जहाजं बांधायला बंदी आहे, तेव्हा आयलर्ट दिवसभर त्या अरुंद खोलीत बसून असतो. जेवण तयार झालं की ती भिंतीवर पळीने ठोकते, दोनदा. तो जाईपर्यंत टेबलावर एकच ताट असतं आणि तिच्या खोलीचं दार लागलेलं असतं.

तिला पुन्हा ठोकावं लागत नाही. आयलर्ट पहिल्याच ठोक्याला उठतो.